उतरलेले वजन आणि उतरलेली साखर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित पुरुषांचा एक अध्याय आहे. अतिउंच, अतिठेंगू, अंगावर फार केस असलेला, मुळीच केस नसलेला, अतिकृष्ण आणि अतिगौर अशी सहा नावे भराभर सांगून झाल्यावर ग्रंथकार उरलेल्या दोघांपाशी थांबतो. ते दोघे म्हणजे अतिस्थूल आणि अतिकृश. स्थूलापेक्षा कृश बरा, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. कारण स्थूलावर उपचार करणे अधिक कठीण. आमच्या काळी मात्र ह्या दोघांखेरीज एक तिसरा पुरुष उत्पन्न झाला आहे. तो काल अतिस्थूल होता आणि आज नाही. समाज त्याची निंदा करीत नाही, उलट त्याचे अभिनंदन करतो. कपडे ढगळ झाले, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आरशाशी सख्य झाले. आता ह्या मनुष्यास दुःख कसले असणार, असे सर्वांस वाटते. त्याने थकव्याची तक्रार केली तर ती कोणास खरी वाटत नाही.

आमचे एक स्नेही असेच आहेत. तेही अध्यापक, वयाने आमच्याहून थोडे लहान. जठराची शस्त्रक्रिया करवून घेऊन दीड वर्षात त्यांनी जवळजवळ चाळीस किलो वजन उतरविले. पहिले वर्ष आनंदात गेले. पुढे मात्र दुपारच्या तासाला शिकविता शिकविता त्यांस नेहमीचा शब्द आठवेनासा झाला. हातातील खडू थरथरे, कपाळावर घाम येई, आणि घरी परतल्यावर अंथरुणास पाठ टेकली की तासभर उठवत नसे. एका इस्पितळात त्यांच्या रक्ताची तपासणी सकाळी उपाशीपोटी झाली. साखर अगदी यथास्थित निघाली. दुसऱ्या ठिकाणी तीच तपासणी, तेच उत्तर. तिसऱ्या ठिकाणी त्यांस विश्रांती घेण्याचा व मन रमविण्याचा उपदेश मिळाला. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सकाळी चांगलेच असतात हो ते. जेवल्यावर बघा ना." हे वाक्य त्या दिवशी कोणी मनावर घेतले नाही. पण पाऊणशे-शंभर वर्षांच्या वैद्यकाच्या इतिहासात ज्या धड्यासाठी मोठमोठ्या विद्वानांस झगडावे लागले, तोच धडा त्या वाक्यात सामावलेला आहे, असे आम्हांस पुढे हा इतिहास चाळताना कळून आले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम रक्तात साखर येते कोठून, हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची समजूत अशी होती की, साखर निर्माण करतात त्या वनस्पती; प्राणी ती केवळ खातात आणि जाळतात. फ्रान्समधील क्लोद बर्नार ह्या शरीरशास्त्रज्ञाने १८४८ साली ह्या समजुतीस धक्का दिला. केवळ मांसावर ठेवलेल्या जनावराच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तातही त्यास साखर आढळली. मग १८५५ मध्ये त्याने एक यकृत काढून त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडले आणि साखरेचा मागमूस न राहीपर्यंत ते धुऊन काढले. धुतलेले यकृत तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले तो त्यात पुन्हा साखर! यकृत हे साखरेचे नुसते गोदाम नसून कारखानाही आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. १८५७ साली त्याने ती साठवणीची वस्तू, जीस आपण ग्लायकोजन म्हणतो, शुद्ध स्वरूपात वेगळी केली. ही साठवण सुमारे दिवसभर पुरेल इतकीच असते. तीही सरली की शरीर स्नायूंतील प्रथिनांपासून साखर घडवू लागते. सारांश, आपण जेवलो काय अथवा न जेवलो काय, रक्तातील साखरेची पातळी राखण्यासाठी शरीर अहोरात्र खपत असते. आणि हे खपणे आपल्या गावीही नसते.

ही पातळी वर चढते तो मधुमेह. तो आपल्या वैद्यांस फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. परंतु ती खालीही घसरू शकते आणि घसरली तर मनुष्य वेडाविद्रा होतो, बेशुद्ध पडतो, क्वचित् मरतोही, हे ज्ञान अगदी अलीकडचे. ते झाले कॅनडातील टोरोंटो शहरी. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहावर अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन ह्या डॉक्टराचा उपचार मान्यता पावला होता. शरीरास साखर पेलत नाही, तर अन्नच कमी द्यावे, हे त्याचे सूत्र. ह्या उपचाराने मरण काही काळ लांबत असे. परंतु रोगी अस्थिपंजर होई. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज ही १९२२ सालच्या ऑगस्टात पंधराव्या वर्षाच्या सुमारास टोरोंटोस आणली गेली, तेव्हा तिचे वजन अवघे ४५ पौंडांच्या आसपास होते. इन्शुलिनने ती वाचली, आणि १९८१ सालापर्यंत जगली.

पण त्याच औषधाची दुसरी बाजू प्रयोगशाळेत आधीच दिसू लागली होती. सशांस ते टोचले की थोड्या वेळाने त्यांस झटके येत, ते निपचित पडत. आणि द्राक्षशर्करा टोचताच जणू काही झालेच नाही असे उठून बसत. हा प्रकार इतका नियमाने घडे की, औषधाची मात्रा मोजण्याचे मापच त्यावरून ठरविण्यात आले. उपाशी ठेवलेल्या सशाच्या १०० मिलिलिटर रक्तातील साखर ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरविण्यास जेवढे औषध लागे, ते एक माप. मनुष्यांसही तीच लक्षणे होऊ लागली. अकस्मात भूक, कापरे, दरदरून घाम, छातीत धडधड. मग बोलण्यात विसंगती, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. ह्यात दोन भाग आहेत. घाम व कापरे ही शरीराने दिलेली हाक होय. आणि विसंगत बोलणे हे मेंदूस अन्न न मिळाल्याचे चिन्ह.

आता एक स्वाभाविक शंका निघाली. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनने असे होते, तर शरीराने आतल्या आत अधिक इन्शुलिन निर्माण केल्याने का होऊ नये? ही शंका अमेरिकेतील अलाबामा संस्थानातील सील हॅरिस ह्या डॉक्टराने १९२४ साली छापून मांडली. ज्यांस मधुमेह नाही व ज्यांनी इन्शुलिन कधी टोचून घेतलेले नाही, अशा काही रोग्यांतही त्यास हीच लक्षणे आढळली होती. तीन वर्षांनी, १९२७ साली, तिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. मेयो क्लिनिकमध्ये वारंवार बेशुद्ध होणारा एक रोगी आला. तो स्वतःच शस्त्रवैद्य होता. पोट उघडले तेव्हा स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली व ती यकृतापर्यंत पसरलेली होती. रोगी वाचला नाही. परंतु त्याच्या गाठीचा अर्क सशांस टोचला तेव्हा त्यांची साखर उतरली. गाठच इन्शुलिन गाळीत होती. पुढे १९२९ साली टोरोंटोच्याच रॉस्को ग्रॅहॅम ह्या शस्त्रवैद्याने अशी एक गाठ काढून टाकून रोग्यास बरे केले. एका शहराने सात-आठ वर्षांच्या आत औषध दिले, त्या औषधाचे दुष्परिणाम दाखविले, आणि निसर्गाने केलेल्या त्याच अपराधावरील उपायही दाखविला, असा हा योग आहे.

यश आले की अतिरेक त्याच्या पाठोपाठ येतो. गाठीच्या शोधात शस्त्रवैद्य पोटे उघडू लागले आणि कित्येकांत गाठ सापडेना. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल ह्यांनी तेव्हा एक नियम घालून दिला. तो १९३८ च्या सुमारास सर्वमान्य झाला. त्यात तीन अटी आहेत. पहिली, लक्षणे साखर कमी असल्याची असावीत. दुसरी, लक्षणे चालू असतानाच रक्त तपासून साखर ५० मिलिग्रॅमहून कमी भरावी. तिसरी, साखर दिल्यावर लक्षणे नाहीशी व्हावीत. ह्या तिन्ही अटी पुऱ्या होतील तरच साखरेस दोषी धरावे, एरवी नाही. न्यायाधीशाने पुराव्याचा कायदा सांगावा, तशी ही भाषा आहे. व्हिपल ह्यांच्यापुढे उपाशीपोटी झटके येणारे, गाठीचे रोगी होते हे खरे. परंतु त्यांच्या नियमाचा प्राण दुसऱ्या अटीत आहे. रक्त सोयीच्या वेळी तपासून उपयोग नाही. ज्या घटकेस मनुष्य कासावीस होतो, त्या घटकेसच तपासले पाहिजे. चोर रात्री येतो आणि पहारा दिवसा बसतो, अशी गत झाली तर पहारेकऱ्याने चोर नाहीच म्हणून ग्वाही देऊ नये.

दुर्दैवाने पुढील तीस-पस्तीस वर्षे हा नियम दोन्ही बाजूंनी मोडला गेला. अमेरिकेत रक्तातील साखर कमी होणे ही एक फॅशनच होऊन बसली. थकवा, निद्रानाश, उदासपणा, संसारातील कटकट, जे काही असेल त्याचे खापर साखरेवर फुटू लागले. लोकप्रिय पुस्तके निघाली, आहाराचे पंथ निघाले. हे प्रस्थ इतके वाढले की, १९७३ साली तेथील तीन प्रमुख वैद्यकसंस्थांस एकत्र येऊन निवेदन काढावे लागले, की असली लक्षणे असलेल्या बहुसंख्य लोकांची साखर मुळी कमी नसतेच. निवेदन योग्य होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्या थोड्यांची साखर खरोखरच उतरत होती, तेही त्या बहुसंख्यांच्या गर्दीत सापडले. पूर्वी सर्वांवर विश्वास, आता कोणावरच नाही. दोन्ही वेळा कंटाळा केला गेला तो एकाच गोष्टीचा, योग्य वेळी मोजण्याचा.

येथपर्यंत साखरेचे झाले. आता वजन उतरल्यावरचा थकवा घेऊ; कारण तो नेहमीच साखरेमुळे येतो असे नाही, आणि हा भेद न केल्यास वाचकांची दिशाभूल होईल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ ह्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले ३६ तरुण आपखुशीने पुढे आले. त्यांस चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. वजनाचा सुमारे चौथा हिस्सा उतरला. युद्धानंतर युरोपातील उपासमार झालेल्या कोट्यवधी लोकांस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे कळावे म्हणून हा खटाटोप होता. त्याचा दोन खंडांतील वृत्तांत १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यातील तरुण प्रारंभी धट्टेकट्टे होते. पुढे त्यांस जिना चढवेना, उन्हाळ्यातही थंडी वाजे, नाडी मंद झाली, हसणे-बोलणे थांबले, आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार राहिला नाही. विसाव्याच्या वेळी शरीर जी शक्ती खर्च करते, ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. उत्पन्न घटलेल्या गृहस्थाने दिवे मालवावेत, गडीमाणसे कमी करावीत, तसे शरीर करू लागते. ह्यात रोग नाही, काटकसर आहे. पण काटकसरीच्या घरात उत्साह कोठून असणार?

हे तरुण मुळात सडपातळ होते. स्थूलाचेही असेच होते काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लीबेल, रोझेनबाउम व हर्श ह्यांनी १९९५ साली दाखवून दिले की होते. वजन एक-दशांशाने उतरविलेल्या माणसाचे शरीर, त्याच्या नव्या वजनास शोभेल त्याहूनही कमी शक्ती खर्च करू लागते. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. त्यास ते परत हवे असते. म्हणून वजन उतरविलेल्या मनुष्याचा थकवा हा आळस नव्हे, आणि त्यास पुन्हा लागणारी भूक हा लोभ नव्हे, एवढे तरी त्याच्या आप्तांनी समजून घ्यावे.

ह्याच प्रकरणी आणखी एक गोष्ट फार उद्बोधक आहे. मेंदूस दिवसाकाठी शंभर ग्रॅमहून अधिक साखर लागते. मग आठवडेच्या आठवडे उपवास करणाऱ्याचा मेंदू चालतो कशावर? बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६७ साली पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन स्थूल रोग्यांच्या मेंदूकडे जाणारे व मेंदूकडून परतणारे रक्त तपासून त्याचे उत्तर दिले. चरबीपासून होणारी कीटोन नावाची द्रव्ये मेंदू जाळू लागतो. त्याचा निम्म्याहून अधिक खर्च त्यांवर भागतो. पुढे १९७२ साली ड्रेनिक व त्यांचे सहकारी ह्यांनी दोन महिने उपवास झालेल्या नऊ स्थूल मनुष्यांस इन्शुलिन दिले. कित्येकांची साखर एरवी मनुष्य बेशुद्ध पडेल इतकी खाली गेली. परंतु त्यांस ना घाम फुटला, ना भोवळ आली. ह्यावरून दोन धडे मिळतात. लक्षणे आहेत म्हणून साखर कमी आहे असे नाही; आणि आकडा कमी आहे म्हणून लक्षणे असतीलच असेही नाही. व्हिपल ह्यांनी लक्षण आणि आकडा एकाच घटकेस जुळावा असा आग्रह का धरला, ते येथे ध्यानात येते.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रकाराकडे वळू. पोटातील शस्त्रक्रियेचा इतिहास १८८१ साली सुरू होतो. त्या वर्षी व्हिएन्नातील थिओडोर बिलरोथ ह्यांनी जठराचा रोगट भाग काढून उरलेला आतड्यास यशस्वीपणे जोडला. पुढे जठरव्रणासाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. काही रोग्यांस त्यानंतर जेवले की घेरी येई व घाम फुटे. जठर हे अन्न थोडे थोडे पुढे सोडणारे दार आहे. ते दार काढल्यावर सारे अन्न एकदम आतड्यात कोसळते, म्हणून हे होते, असे शिकागोचे मिक्स ह्यांनी १९२२ साली सांगितले. काहींस जेवणानंतर लगेच त्रास होई. तर काहींस तास-दोन तासांनी, आणि ह्या दुसऱ्यांची साखर त्या वेळी उतरलेली सापडे. जठर कापलेले हे रोगी पुढे लठ्ठ होत नाहीत, हेही शस्त्रवैद्यांच्या नजरेत भरले. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन ह्यांनी त्यावरून उलट विचार केला. हा जर दोष, तर लठ्ठांस तोच गुण का होऊ नये? १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो ह्यांच्या साहाय्याने लठ्ठपणासाठी जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या पुढे जगभर पसरल्या आणि आमच्या मुंबई-पुण्यातही आल्या.

ह्या शस्त्रक्रियेने अनेकांचा मधुमेह आटोक्यात आला, आयुष्य वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु २००५ साली मेयो क्लिनिकच्या सर्व्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर काही काळाने त्यांस जेवणानंतर भ्रम व बेशुद्धी होऊ लागली होती. साखर फार कमी आणि इन्शुलिन नको तितके अधिक. स्वादुपिंडात इन्शुलिन करणाऱ्या पेशींची लहान लहान बेटे असतात. लँगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये प्रथम पाहिली. ह्या सहा रोग्यांत ती बेटे वाढली आहेत, असा मेयोच्या मंडळींचा निष्कर्ष. उपाय म्हणून स्वादुपिंडाचा बराच भाग कापण्यात आला.

पुढच्याच वर्षी दुसरा पक्ष उभा राहिला. मायर, बटलर व त्यांचे सहकारी ह्यांनी अशाच रोग्यांच्या स्वादुपिंडाचे तुकडे मोजून पाहिले व तशाच स्थूल मनुष्यांच्या तुकड्यांशी ताडून पाहिले. बेटे वाढलेली नाहीत, असे त्यांस आढळले. पेशींचे केंद्र मोठे होते, पण ते रोग्याच्या पूर्वीच्या स्थूलपणाशी जुळते होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, स्थूल असताना ह्या पेशींस फार इन्शुलिन करावे लागे. वजन उतरल्यावर त्यांनी तो कारभार आवरता घ्यावयास हवा होता, तो त्यांनी घेतला नसावा. पंक्तीची माणसे निम्मी झाली, पण स्वयंपाकघरात मापे जुनीच चालू राहिली, असा हा दृष्टांत होईल.

ह्या वादात सर्वांत बोलका साक्षीदार २०१० साली पुढे आला. मॅक्लॉघलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका रोग्याच्या बाजूस टाकलेल्या जुन्या जठरात नळी बसविली आणि तेच अन्न त्या वाटेने दिले. साखर उतरली नाही! तोंडावाटे, नव्या मार्गाने दिले की उतरे. मनुष्य तोच, स्वादुपिंड तेच, अन्न तेच. बदलली फक्त वाट. अपराध मुख्यतः वाटेचा होता. तोंडाने घेतलेल्या साखरेने जितके इन्शुलिन सुटते, तितके शिरेतून दिलेल्या साखरेने सुटत नाही, हे १९६४ सालीच दिसून आले होते; कारण आतडे स्वादुपिंडास आगाऊ वर्दी देते. ही वर्दी देणाऱ्या द्रव्यांपैकी एकास जीएलपी-१ म्हणतात. नव्या वाटेने अन्न आतड्यावर एकदम आदळले की ही वर्दी प्रमाणाबाहेर जाते. साखर झपाट्याने चढते, इन्शुलिन लोंढ्याने येते. साखर संपते, इन्शुलिन उरते. त्यात हलके झालेले शरीर आता थोड्या इन्शुलिनलाही तत्परतेने दाद देते. म्हणून गोड खाल्ल्यावर साखर उतरते, हा वरवर अशक्य वाटणारा चमत्कार घडतो. इस्पितळात दाखल करावे लागेल इतका त्रास शंभरांत एकासही होत नाही. सौम्य त्रास मात्र त्याहून पुष्कळांस होतो, आणि तो बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर सुरू होतो. त्यामुळे कारण आणि कार्य ह्यांचा संबंध रोग्याच्याही ध्यानात येत नाही.

हे सांगताना एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. वरील कथा बुद्धिपुरस्सर वजन उतरविलेल्यांची आहे. ज्याचे वजन न मागता उतरते, त्याची कथा निराळी. लंडनच्या टॉमस ॲडिसन ह्यांनी १८५५ साली वृक्कांवरील ग्रंथींच्या रोगाचे वर्णन केले, त्यात ग्लानी, अशक्तता, अन्नावरील वासना जाणे व त्वचा काळवंडणे ही लक्षणे होती. अशा रोग्यांची साखरही उतरते, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी ध्यानात आले. आपल्या देशात क्षयाने ह्या ग्रंथी नासल्याची उदाहरणे होतात. तेव्हा बारीक झालेल्या परिचितास पाहून शाबासकी देण्यापूर्वी, हे मुद्दाम केले की आपोआप झाले, एवढे तरी विचारावे. तसेच मधुमेही मनुष्याने वजन उतरविले आणि गोळ्या वा इन्शुलिन जुन्याच मात्रेने चालू ठेवले, तर त्याची साखर घसरणारच. ती मात्रा वैद्याकडून वेळीच फेरतपासून घेतली पाहिजे.

असो. आमच्या स्नेह्यांचे पुढे काय झाले ते सांगून लेख आवरता घेतो. एका रविवारी श्रीखंडपुरीचे जेवण झाल्यावर दीड-दोन तासांनी ते कोचावर बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागले. त्यांच्या पत्नीने धावत जाऊन शेजारच्या वृद्ध मधुमेही गृहस्थांचा ग्लुकोमीटर आणला आणि बोटास सुई टोचली. आकडा आला ४४. लगेच साखरपाणी दिले. दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले व सगळे असे का जमले म्हणून विचारू लागले. त्या माउलीने व्हिपल ह्यांचे नावही ऐकलेले नव्हते. पण त्यांच्या तिन्ही अटी तिने एका कोचाशेजारी उभे राहून पुऱ्या केल्या. तो आकडा, ती वेळ आणि जेवणातले जिन्नस एका चिठ्ठीवर लिहून तिने दुसऱ्या दिवशी वैद्यांपुढे ठेवले, तेव्हा कोठे खुर्ची पुढे सरकली आणि प्रश्न विचारले जाऊ लागले.

पुढचा उपाय नाट्यमय नाही. गोड व मैद्याचे पदार्थ बंद, थोडे थोडे व वारंवार जेवण, पानात उसळ, दही व भाजी अधिक, भात कमी. पिष्ट पचण्याचा वेग मंदावणारी एक गोळी. खिशात साखरेच्या वड्या, आणि त्या घेतल्यावर पाठोपाठ काही सकस खाणे. स्वादुपिंड कापण्याचा विचार कोणी काढला नाही. त्या मार्गाने गेलेल्या पुष्कळ रोग्यांचा त्रास परतला, हा अनुभव आता गाठीस आहे. झटके थांबले. थकवा मात्र सर्वस्वी गेला नाही. मिनेसोटातील तरुणांची काटकसर त्यांच्याही शरीरात थोडीबहुत चालूच असावी. पण आता त्यांस तो थकवा आपला दोष वाटत नाही, आणि आमच्या मते हेही थोडके नव्हे.

ह्या दीड शतकाच्या इतिहासात धुतलेल्या यकृतापासून बाजूस टाकलेल्या जठरापर्यंत पुष्कळ कौशल्याचे प्रयोग झाले. परंतु प्रत्येक पायरीवर ज्ञान पुढे गेले ते कोणीतरी एकाने रोग्याची तक्रार खरी असू शकेल असे धरून, ती जेव्हा घडते तेव्हाच मोजून पाहिली म्हणून. नुसता विश्वास १९५० नंतरच्या फॅशनमध्ये वाहवला. नुसत्या अविश्वासाने आमच्या स्नेह्यांस तीन दारांवरून परत पाठविले. चरकाने स्थूल व कृश ह्यांच्याकडे पाहण्यास शिकविले. ह्या तिसऱ्या पुरुषाकडे कसे पाहावे, हे त्याच्या घरच्या माणसाने एका वाक्यात सांगितले होते. ते ऐकून घेण्यास आम्हांस वेळ लागला, इतकेच.